येळवशीचं बोलावणं

हिप्परमाळ, ता. उदगीर
१४ जानेवारी १९८६

प्रिय दादा,

नागूचा जयभीम. नीलावहिनींनाही सांग. घरात सगळे बरे असाल, नांदेडला नळाला एक दिवसाआड का होईना पाणी येत असेल, असं धरून चालते. आज संक्रांत, म्हणून तिळगूळ घ्या आणि गोड बोला असं लिहायला हवं. तीळ यंदा माळावर उगवलाच नाही, तेव्हा तुम्ही नुसतंच गोड बोला.

पाकिटावर माझ्या पत्त्यात मी पुन्हा जिल्हा उस्मानाबाद लिहिलं. पोस्ट सांभाळणारे गुरुजी म्हणाले, "नागुबाई, लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू हाय, आता तरी शिका." खोडून लातूर केलं आहे. खाडाखोड दिसली तर मनावर घेऊ नकोस, तूच मला अक्षर शिकवलंस आणि तूच छड्या मारल्यास.

इकडचं काय सांगू. दोन पावसाळे कोरडे गेले. गावात घरं तशी चाळीसच, त्यातली निम्मी कुलूप लावून गेली आहेत, कोणी हैदराबादला, कोणी उसाच्या टोळीत. दार उघडलं की नजर पोचेल तिथवर माळ, आणि माळावर पिवळं गवत. लांबून एखादं माणूस येताना दिसलं तर ते कोण आहे यावर आम्ही बायका पैज लावतो, एवढा वेळ मिळतो.

बरं, आता कामाचं. येळवशीच्या दिवशी आमच्या रानातली कोप पेटली. कडब्याची झोपडी ती, पेटायला वेळ लागत नाही. सासूबाई आत होत्या, त्यांना थोडं भाजलं. उदगीरच्या दवाखान्यात ठेवलं आहे. तुझ्या दाजींचेही हात पोळले आहेत. दाजी सध्या पोलीस ठाण्यात आहेत. गावचे मोठे जमीनदार बसलिंगप्पा, त्यांचा धाकटा भाऊ गुरुपादप्पा, त्याला त्या गडबडीत विळा लागला, त्याची चौकशी चालू आहे. थोड्या दिवसांत सोडतील असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात हे मलाही माहीत आहे, पण सध्या मी ते धरून बसले आहे.

तू लगेच धावत येऊ नकोस. तुझी बढती अडलेली आहे, रजा मागायला गेलास तर साहेबाला निमित्त मिळेल. फक्त सुमनला थोडे दिवस ठेवून घे. शेजारची काकू लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला येते आहे, तिच्यासोबत पाठवते. सहा वर्षांची पोर आहे पण तिचा त्रास नाही, खाते कमी आणि बोलते त्याहून कमी.

मी बरी आहे. मला कुठेही लागलेलं नाही. हे तू विचारशील म्हणून आधीच लिहिलं.

तुझी,
नागू

ता. क. – वहिनींना सांग, सुमनला स्टोव्हजवळ बसवू नये. काडी ओढल्याचा आवाज झाला तरी ती घराबाहेर पळते.


हिप्परमाळ
४ फेब्रुवारी १९८६

दादा,

सासूबाई गेल्या. माझी तार तुला मिळाली, तुझी उलट तारही मला मिळाली. तू मात्र आला नाहीस.

मागच्या पत्रात थोडं भाजलं असं लिहिलं होतं ते खोटं होतं. पाठ सगळी गेली होती, आणि डोक्याची एक बाजू. पालथं झोपवून ठेवायचे. कापड लावलं की कातडी कापडाला येई, म्हणून केळीच्या पानांवर ठेवा म्हणाले, आणि या दुष्काळात केळीची पानं शोधत मी उदगीरभर हिंडले. शुद्ध शेवटपर्यंत होती. ओरडायच्या नाहीत, नुसतं हूं हूं करायच्या. मधेच मला विचारायच्या, भज्जीचं पातेलं घासलंस का, पितळी आहे, डाग राहील.

तुझ्या दाजींना, लिंबाजींना, मातीला आणलं, बेड्यांसकट. कोणी म्हणालं सरण रचा. मी म्हटलं, एकदा जाळलेल्या बाईला परत जाळायचं नाही. आपल्या लोकांच्या जागेत पुरलं. लिंबाजींनी बेडी घातलेल्या हातांनीच माती लोटली. त्यांच्या हातांना फोड होते, माती ओली झाली.

बसलिंगप्पांची आई पार्वतम्मा तेवढ्या उन्हात काठी टेकत आली. तिच्या धाकट्या पोराचा उजवा हात सोलापूरच्या दवाखान्यात कापावा लागला, आणि ती आमच्या मयताला आली. सासूबाईंच्या पायांपाशी बसून म्हणाली, "भामे, मी बसाया नको हुतं गं तुज्या कोपीत." तिला कोणी उठ म्हणालं नाही आणि कोणी पाणीही विचारलं नाही.

तू पत्रात विचारतोस, हे येळवशीचं खूळ कोणाच्या डोक्यातून निघालं. छप्पन्न साली बापाने देव गोणीत भरून नदीत सोडले, आणि लेकीने लक्ष्मी मांडावी का, असंही लिहितोस. आमच्या कोपीत देव नव्हता दादा, पूजेचे पाच दगड आम्ही मांडलेच नव्हते. आपल्या बिलोलीकडे येळवशीचं एवढं नाही, म्हणून तुला वाटतं ही नुसती पूजा. तसं नाही. ऐक.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, म्हातारीकोतारी सगळी रानात जातात, जो तो आपल्या रानात. कडब्याची कोप उभारायची, आंबील पिकावर शिंपडायची, डाळी-पालेभाज्या घोटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खायची. आणि बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, या जेवायला. त्या दिवशी बोलावणं मोडत नाहीत. मोडलं तर पिकाला धरतं म्हणतात. वैरी असला तरी दोन घास खाऊन जातो. पण हाक मारायची ती रानाच्या धन्याने. ज्याला रान नाही त्याला त्या दिवशी कोणालाच बोलावता येत नाही. आणि एखाद्याच्या कोपीत बसून तू जेवलास, की ते रान त्याचं, हे तू खाऊन कबूल केलंस. कोर्टकचेरी नंतरची.

लग्न होऊन आल्यापासून मी येळवशीला बसलिंगप्पांच्या रानात जात आले. त्यांची कोप आम्ही बांधायची, पाणी आम्ही भरायचं, आणि जेवायचं बाहेर बांधावर. भज्जी चांगली असायची, खोटं का बोला. सासूबाई चाळीस वर्षं त्या बांधावर जेवल्या.

आमचं रान म्हणजे गायरानाचा तुकडा, तुला माहीतच आहे. बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी तो फोडला, सासूबाईंनी त्यातले दगड वेचले, अजूनही बांध त्याच दगडांचा आहे. नाव लागायचं राहिलं. आधी म्हणायचे कागद उस्मानाबादला आहे, जिल्हा बदलल्यावर म्हणायला लागले कागद लातूरला येतो आहे. चार वर्षं तो कागद येतोच आहे, चालत निघाला असेल. पण यंदा तलाठ्याने बांधावर उभं राहून लिंबाजींच्या नावाने ज्वारीची नोंद घेतली. त्या दिवशी लिंबाजी घरी येऊन म्हणाले, "औंदा आपली कोप आपल्या रानात." सासूबाई दुसऱ्या दिवसापासून भज्जीची डाळ निवडायला बसल्या.

बसलिंगप्पांचंही सांगते, नाहीतर तू म्हणशील एकतर्फी लिहिते. त्यांच्याकडे देवणी जनावरं आहेत, एकेकाळी उदगीरच्या बाजारात त्यांच्या बैलाभोवती गर्दी व्हायची. यंदा त्यातली किती तरी गुडघ्यावर आली. कडबा मिळत नाही, विहिरीला पाणी नाही. दिवाळीनंतर ते आमच्या दारात आले होते, उभ्याउभ्याच लिंबाजींना म्हणाले, "लिंबा, मानसाला रेशन मिळतंय. जनावराला कोन देतंय? त्यो माळ गवताचा हुता, गवताचा ऱ्हाऊ दी." लिंबाजी म्हणाले, "आप्पा, तुमचं दोनशे एकर हाय. त्यात पेरा की गवत." तिथे बोलणं संपलं. दोघांचंही खोटं नव्हतं, पण दोनशे एकरवाल्याने चार एकराकडे गवत मागावं हे मला आजही पटत नाही.

येळवशीला दुपारी त्यांची गाडी आमच्या बांधावरून चालली होती. गाडीत पार्वतम्मा, पुढे बसलिंगप्पा, मागून गुरुपादप्पा जनावरं हाकत. सासूबाई कोपीच्या दारात होत्या. त्यांनी पदर सावरला आणि हाक मारली, "आप्पा, या की. भज्जी खाऊन जावा."

गाडी थांबली. नाही म्हणावं तर येळवशीचं बोलावणं मोडतं, आणि या दुष्काळात पिकावर आधीच अवकळा. हो म्हणावं तर आमच्या हातचं खायचं, आणि रान आमचं हे कबूल करायचं. बसलिंगप्पा कासरा धरून बैलांच्या पाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात पार्वतम्मा म्हणाली, "येळवशीचं मोडू ने बाबा. मला उतरीव." आणि उतरली, आणि सरळ कोपीच्या आत जाऊन मांडी घालून बसली. दोन उंडे खाल्ले. भज्जी परत मागून घेतली. सासूबाई पुन्हापुन्हा वाढत होत्या. मी त्यांना एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं, दादा. लग्नात नाही, सुमन झाली तेव्हा नाही.

माळावर आडोसा नसतो. चारी बाजूंच्या रानांतले लोक उठून बघत होते. कोणीतरी लांबून ओरडलं, "काय आप्पा, लिंबाच्या रानात जेवन झालं व्हय?" आणि हसलं. लिंबाच्या रानात. हे शब्द गावातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा निघाले, आणि तेही बसलिंगप्पांना ऐकवून. गुरुपादप्पाने आईला दंडाला धरून उठवलं, तिच्या हातातला उंडा पडला, आणि गाडी निघून गेली.

दिवस कलला, आजूबाजूचे लोक घराकडे वळले, तेव्हा गुरुपादप्पा एकटा परत आला, जनावरं घेऊन. मग कोप पेटली, आणि त्याला विळा लागला. पुढचं पोलिसांनी लिंबाजींकडून लिहून घेतलं आहे. हाफ मर्डरचं कलम लावलं आहे. कोप कशी पेटली ते मात्र कोणी लिहून घेतलेलं नाही.

आता लिहवत नाही. सुमनला सांग, आजी झोपली.

तुझी,
नागू


हिप्परमाळ
२३ फेब्रुवारी १९८६

दादा,

मागच्या रविवारी तू उदगीरला आला होतास. बाजाराला गेलेल्या बायकांनी मला सांगितलं. मोंढ्यात बसलिंगप्पांच्या आडतीवर गादीला टेकून चहा घेतलास, पुष्कळ वेळ बोललास, आणि दुपारच्या गाडीने नांदेडला गेलास. उदगीरहून हिप्परमाळला एसटी येते, दादा. आमच्याकडेही चहा असतो, गुळाचा.

काल तुझं पत्र आलं. तडजोड नीट समजली. लिंबाजी माळावरचं रान सोडतील. गुरुपादप्पा कोर्टात म्हणेल की धुरात मारणारा दिसला नाही. दाजी सुटतील. आणि मी सांगायचं की कोप आमच्याच चुलीने पेटली, कोणी पेटवली नाही. की झालं, सगळे आपापल्या घरी. शेवटी लिहिलंस, गेलेलं माणूस परत येत नाही, जिवंत माणसाचं बघ. तू हे वाईट बुद्धीने केलं नाहीस, एवढं मला कळतं. तुला माझं कुंकू राखायचं होतं. आपल्यात कुंकवाला काही अर्थ नाही असं तूच सभेत सांगायचास, ते जाऊ दे.

लिंबाजींचंही तेच म्हणणं आहे. लातूरच्या कोठडीत भेटायला गेले होते, तर गजांआडून म्हणाले, "जाऊ दी नागू. रान गेलं तर गेलं. चुलीनं पेटली म्हन आनि मोकळी हो." ते कोणासाठी जाऊ दे म्हणतात ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

गुरुपादप्पाला लिंबाजींनी मारलेलं नाही. मी मारलं.

लिंबाजी सुमनला घेऊन रानाच्या पलीकडच्या टोकाला आंबील शिंपडत होते. सासूबाई कोपीत भांडी आवरत होत्या. मी बैलांसाठी बांधावरचं गवत कापत होते, म्हणून हातात विळा. गुरुपादप्पाने जनावरं ज्वारीत घातली. मी ओरडले, पण हात उचलला नाही. जनावरं इतकी भुकेली होती की ताटं मुळासकट ओढत होती, त्यांच्याकडे बघून मलाच गलबललं. मग त्याने आमच्या चुलीतलं जळतं लाकूड उचललं. चूल कोपीबाहेर होती, भज्जी गरम राहावी म्हणून धगधगती ठेवली होती.

मी म्हटलं, "आप्पा, आत म्हातारी हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो मला आला तसा त्यालाही आला. म्हणाला, "असू दी." आणि लाकूड कडब्यात खुपसलं.

असू दी. तुझ्या तडजोडीत मी हे दोन शब्द गिळायचे आहेत.

पहिला वार मी त्याच्या हातावर केला, लाकूड धरलेल्या. मनगटावर बसला. विळा हाडात अडकला, त्याच्या कोपरावर पाय देऊन ओढून काढावा लागला. तो खाली बसला. माझ्या तोंडावर रक्त उडालं, ते गरम होतं आणि खारट होतं. त्या वेळी कोपीची एकच बाजू पेटली होती. दाराची बाजू मोकळी होती. मी वळले असते तर सासूबाईंचा हात धरून त्यांना बाहेर आणता आलं असतं. त्या चालत्या होत्या, नुसतं बोट दिलं असतं तरी आल्या असत्या.

मी वळले नाही. गुरुपादप्पा एका हाताने सरपटत बांधाकडे निघाला होता. मी त्याच्या मागे गेले. धावत नाही, चालत गेले. तो "अव्वा, अव्वा" करत होता. मी त्याच्या खांद्यावर दुसरा वार केला, दोन्ही हातांनी विळा धरून, झाडाचा फाटा तोडताना करतात तसा. आणि मला बरं वाटलं. सासूबाईंचा चाळीस वर्षांचा बांध, माझा दहा वर्षांचा, लिंबाजींना ते अरे लिंब्या म्हणत आले ते, सगळं त्या वारात गेलं आणि मला मोकळं वाटलं. मग मागे बघितलं, तर कोपीला दार राहिलं नव्हतं. आतून आवाज येत होता, तो मी लिहिणार नाही.

लिंबाजींनी जळता कडबा हातांनी फाडून आईला बाहेर ओढलं. त्यांच्या अंगावर हातातलं आंबिलीचं बिंदगं उपडं केलं. मग माझ्याकडे आले. मी तिथेच उभी होते. म्हणाले, "इळा हिकडं दे." मी दिला. म्हणाले, "तू न्हाईस. मी हाय. आयकलंस का? मी हाय." आणि पोलीस येईपर्यंत विळा मांडीवर घेऊन बसून राहिले.

तुला वाटेल, मग गुरुपादप्पाने खरं का सांगितलं नाही. कसं सांगेल. एका बाईने, आणि तीही आमच्यातल्या, त्याचा हात तोडला आणि तो सरपटत आईला हाका मारत होता, हे तो पंचांसमोर सांगणार? सोलापूरच्या खाटेवरून त्यानेच लिहून दिलं, लिंबाजीने मारलं. आमच्या गावात दोन वैऱ्यांचं एकाच खोट्यावर एकमत झालं ते हेच. मला एकटीला बसून हसू आलं होतं, नंतर हुंदका आला.

पहिल्या वाराचा मला पस्तावा नाही. उद्या तसंच झालं तर तसाच करीन, जड विळा घेऊन करीन. दुसऱ्याचा आहे. गुरुपादप्पासाठी नाही. दवाखान्यात एकदा सासूबाईंनी मला विचारलं होतं, "नागे, तू कुठं गेलतीस गं?" रागाने नाही, पोर बाजारात चुकून परत आल्यावर विचारतात तसं. मी म्हटलं, "पानी आनाया." त्या म्हणाल्या, "हाव का." त्यानंतर परत विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही ते मला कधीच कळणार नाही, आणि माझी शिक्षा तीच आहे, न्यायाधीश देईल ती नव्हे.

आता तूच सांग. त्या बाईला जळायला मी एकदा सोडलं. ती स्वतःच्या चुलीने जळाली असं सांगून परत एकदा सोडू? चाळीस वर्षांत तिने एकच हाक मारली, या जेवायला म्हणून. आणि तिची चूक एवढीच की समोरच्याने ती ऐकली.

कोप त्याने पेटवली हे बघणारी मी एकटी. ते सांगायचं तर मी कुठे उभी होते, हातात काय होतं, पुढे काय केलं, सगळंच सांगावं लागतं. अर्धं खरं सांगता येत नाही. मी डोकं खूप खाजवलं, नाही येत.

तुझं पत्र यायच्या आधीच मी इकडच्या ठाण्यात गेले होते. जमादार म्हणाला, "बाई, नवऱ्याला सोडवायला नाटक करून राहिल्यात. घरी जावा." बाहेर शिपायाला सांगून हसला. उस्मानाबाद जिल्हा असता तर मी तिथेच हातपाय गाळले असते. दोन गाड्या बदलून, मुक्काम करून तिकडे कोण जातं? लातूर जवळ आहे. सकाळी बसलं की दुपारी मोठ्या साहेबांच्या दारात. लातूरला आपल्या समाजाचे एक वकील आहेत, त्यांना सगळं सांगितलं, हे तुला लिहिलं तसंच, बरं वाटलं तेही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "ताई, लिंबाजी सुटतील, पण तुम्ही आत जाल. आणि ते 'बरं वाटलं' कोर्टात बोलू नका." मी म्हटलं, विचारलं नाही तर नाही बोलणार. विचारलं तर बोलीन.

उद्या सोमवार. सकाळच्या एसटीने जाते. वकिलांनी अर्ज दिला आहे, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तो झालेला असेल, म्हणून मला थांबवायला तार करू नकोस. लिंबाजींना मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पाया पडून नको म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं. फार मायेचा माणूस आहे, दादा. रागावेल, जेवणार नाही, भिंतीकडे तोंड करून बसेल. त्याला समजावायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

सुमनला वहिनींपाशी राहू दे. आईने काय केलं ते तिला मोठी झाल्यावर सांगू नकोस, आताच सांग, तुझ्या तोंडाने. गावाकडून कळेल ते वेगळंच कळेल.

आता शेवटचं, आणि हेच खरं काम. माळावर ज्वारी उभी आहे. जनावरांनी अर्धी खाल्ली, कोपीजवळची जळाली, पण उरलेली कणसं भरली आहेत. आपण ती काढली तर तलाठ्याने लिंबाजींच्या नावाने घेतलेली यंदाची नोंद टिकेल. नाही काढली तर आठ-पंधरा दिवसांत दाणा गळेल, रानात बसलिंगप्पांची जनावरं शिरतील, आणि तुमची तडजोड न करताच होऊन जाईल. लिंबाजींना सुटायला वेळ लागेल. मी आत असेन. आमच्या आळीतले लोक भितात, त्यांना बोल लावत नाही. राहिलास तू.

तू रेल्वेत लागल्यापासून रानात उतरला नाहीस. तुझे हात मऊ झाले असतील, फोड येतील. येऊ दे. रजेचं काय ते तू बघ. एकटा ये किंवा वहिनींना घेऊन ये, पण आडतीवर थांबू नकोस, सरळ माळावर ये, दिवसाढवळ्या, चारी बाजूंनी लोकांना दिसशील असा. घराची किल्ली शेजारी ठेवली आहे. भाकरीचं पीठ डब्यात आहे.

आमचा विळा पोलिसांनी जप्त केला आहे. येताना नांदेडहून नवा आण.

वाट बघणारी,
तुझी बहीण
नागू